1039 फेऱ्यांचं देणं

ज्यांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना भंडारा कुठे आहे हे ठाऊकही नसेल.

इथे मी पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो. त्यांच्यासाठी ‘जोवर’, ‘नाहीतर’, ‘दाखव’ अशा शब्दांची एक छोटी भाषा केली. तिचा इंटरप्रिटर ओळ वाचायचा, अर्थ लावायचा, काम करायचा. लूपमध्ये तीच ओळ पुन्हा आली की पुन्हा पहिल्यापासून अर्थ लावायचा. ‘सर, हे तर लयच हळू चालते जी,’ पोरं म्हणायची. खरंच होतं. यावरचा एक इलाज म्हणजे जेआयटी कंपायलर: प्रोग्राम चालू असतानाच त्यातला सारखा लागणारा भाग यंत्रभाषेत नेणारा. पण तो लिहिणं एकट्या मास्तरचं काम नव्हे.

आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर सरांची जीसीसी या कंपायलरवरची टिपणं वाचली होती. जीसीसीला प्रोसेसरचं वर्णन लिहून दिलं की त्यासाठी सूचना निवडणारा भाग आपोआप तयार होतो. म्हणजे कंपायलरही घडवून घेता येतो! सरांना मी कधी भेटलेलो नाही.

पुढचं देणं पायपाय हा पायथॉनचा इंटरप्रिटर लिहिणाऱ्या मंडळींचं. बोल्झ, कुनी, फियाल्कोव्स्की आणि रिगो यांचा 2009 चा निबंध मी पेन्सिल घेऊन वाचला. त्यांच्या आरपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉनच्या मर्यादित रूपात, इंटरप्रिटर लिहायचा आणि त्यात दोन ठिकाणी खुणा करायच्या: मुख्य लूपच्या तोंडाशी एक, प्रोग्राम मागे उडी मारतो तिथे दुसरी. व्हेरिएबलचे दोन गट पाडायचे. प्रोग्राममधली जागा सांगणारी ती हिरवी, बाकीची लाल. एखादा लूप 1039 वेळा फिरला (हा आकडा बदलता येतो) की तो तापला असं धरतात. मग इंटरप्रिटर पुढच्या फेरीत काय काय करतो, त्याची नोंद होते. हिरवं आधीच ठाऊक असल्यामुळे अर्थ लावण्याची खटपट गळते आणि उरलेलं काम यंत्रभाषेत जातं. मागोवा माझ्या इंटरप्रिटरचा, वेग पोरांच्या प्रोग्रामला. इंटरप्रिटरपासून कंपायलर काढता येतो, हे जपानच्या फुतामुरांनी वेगळ्या वाटेने 1971 मध्येच मांडलं होतं.

पालक माझं कौतुक करतात आणि मी गप्प बसतो. हे बरं नाही, म्हणून हे लिहिलं.

कुणाला करून पाहायचं असेल, तर आरपायथॉनला पायथॉन 2.7 चं व्याकरण लागतं, एवढं आधी लक्षात ठेवा.