बाजाराचा दिवस

शनवार हा आमच्याकडं बाजाराचा दिवस. माझ्या आयुष्यातली तीस वर्षं या शनवारानं खाल्ली. इतर दिवशी मी फार शहाणा असायचो असं नाही, पण निदान रानात असायचो. शनवारी मात्र अंगात धुतलेली कापडं, खिशात पैसे आणि स्टँडवरनं बाजाराला जायच्या वाटेवर देशीचं दुकान. बाजाराला जायला दुसरीही वाट होती, मारुतीच्या देवळामागनं. ती वाट मला तीस वर्षं दिसली नाही.

आता सात वर्षं झाली, मी पीत नाही. कशी सोडली ते लोक फार विचारतात. ती गोष्ट सांगायचा मला कंटाळा येतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. सोडल्यानंतर हा माणूस शनवार-आयतवार काढतो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. दारू सुटली की पहिल्यांदा काय कळतं, तर दिवस किती लांब असतो ते. दुपारी तीन वाजता वाटायचं, आता सहा तरी वाजले असतील. हातांना काम नसलं की हात परक्याचे वाटायचे.

थोडं मागचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव खटाव तालुक्यात. जिराईत जास्त, विहिरीवर दोन एकर भिजतं. माझ्याकडं खिल्लार बैलांची जोडी होती. पोराची आठवीची परीक्षा होती तेव्हा मी ती जोडी बाजारात विकली. विकायची वेळ दारूनंच आणली होती, पण त्यावेळी मी दुष्काळाचं नाव सांगितलं. पैसे घेऊन निघालो आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो. अर्धे पैसे होते. पोरगा गोठ्यात रिकाम्या दावणीपाशी अभ्यास करत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

माळ दोनदा घातली, दोनदा तुटली. माळेनं सुटलेली माणसं मी गावात बघितली आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे. माझंच मन खोटं होतं. मग एकदा घरीच हिय्या करून एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की बशी धरवेना. भिंतीवरनं मुंग्यांच्या रांगा चाललेल्या दिसायला लागल्या. मी उठून चुलीतली राख आणली आणि त्यांच्यावर टाकत बसलो. मंडळी म्हणाली, "अवो, कुठं हायत मुंग्या?" मुंग्या नव्हत्याच. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, रोजची दारू अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, औषधाच्या आधारानं उतरवावी लागते. शेवटी पोरगाच मला पुण्याला मुक्तांगणात घेऊन गेला. अवचट पती-पत्नींनी 1986 साली सुरू केलेलं ते केंद्र. तिथं 35 दिवस राहिलो. तिथनं आल्यावर मला मास्तर भेटले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीतले कंडक्टर, रिटायर झालेले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. ते आयतवारी संध्याकाळी आमच्यासारख्यांची बैठक भरवतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणतात त्या संघटनेची. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ती सुरू केली. त्यातला एक डॉक्टर होता हे मला फार आवडतं. फी नाही, आडनाव विचारायचं नाही, तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या बघू, एवढाच हिशेब.

मागच्या पौषातले दोन दिवस सांगतो. काही मोठं घडलं नाही.

पोराचा पुण्याहून फोन आला. "आबा, हुरडा आलाय का? मित्र म्हणत्यात यायचं. शनवारी संध्याकाळी येतो, आयतवारी दुपारी जातो." पोरगा एका कंपनीत आहे. त्यानं मित्रांना घरी आणायचं म्हणायची ही पहिलीच वेळ. कॉलेजातसुद्धा त्यानं कधी कुणाला आणलं नव्हतं. का, ते मला माहीत आहे. मंडळीनं दोन दिवस आधीच घर सारवायला घेतलं.

शनवारी सकाळी बाजाराला गेलो. कांद्याची पट्टी घ्यायची होती. मास्तर स्टँडवर उभेच होते. हा माणूस सात वर्षं दर शनवारी माझ्याबरोबर बाजार करतो. म्हणायला पिशवी हातात असते, पण त्यांच्या परसात भाजी एवढी आहे की तेच शेजाऱ्यांना वाटतात. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ह्यांना बाजाराची हौस आहे. मग एक दिवस बघितलं तर त्यांच्या पिशवीत घरनंच आणलेली कोथिंबीर होती. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

अडत्याकडनं तेवीस हजार चारशे रुपये मिळाले. नोटा आतल्या खिशात ठेवल्या की अजूनही छातीत कसंतरी होतं. देवळामागच्या वाटेनं निघालो, तर तिथंच जुना गडी भेटला. आमची पाचजणांची बैठक असायची. दोघं गेले. त्यातल्या एकाचं पोट पाण्यानं घागरीएवढं झालं होतं. हा तिसरा. म्हणाला, "आबा, पट्टी घेतली न्हवं? चल की, बस जरा. तू नगं पिऊ, नुसता बस." या नुसत्या बसण्यातच सगळं आहे. मास्तर पुढं झाले आणि त्यालाच म्हणाले, "चल, तूच बस आमच्यासंगं, भजी खाऊ." तो हसला आणि गेला. त्याची पाठ बघून मला राग नाही आला. उन्हाळ्यात एकदा माझ्या गाईचं वासरू अडलं होतं, तेव्हा रात्री दोनला हाच धावून आला होता. तेही प्यालेलाच होता, पण हात बरोबर चालले त्याचे.

आम्ही भजी खाल्ली, वर गरम जिलेबी. पोट रिकामं ठेवू नको हे बैठकीत पहिल्यांदा शिकवतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळा सांभाळायच्या. गोड खाल्लं की तलफ मागं सरते हेही जुने लोक सांगतात. मला पटतं, का मला जिलेबी आवडते म्हणून पटतं, ते देव जाणे. पाव किलो घरी बांधून घेतली. चिवडा घेतला, गूळ घेतला, मंडळीसाठी बांगड्या घ्याव्यात असं मनात आलं, पण माप माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हाताचं माप माहीत नसावं!

घरी आलो तशी मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. "पाणी घ्या." तांब्या देताना ती जरा जास्तच जवळ येते. पूर्वी वास घ्यायला यायची. सात वर्षांनंतरही बाजाराच्या दिवशी येतेच. सुरुवातीला मला याचा संताप यायचा, आपल्यावर विश्वास नाही म्हणून. आता मी तांब्या घेताना मोठ्यानं श्वास सोडतो. मग ती पिशवी उचकायला लागते.

दिवस मावळायला पोरं आली. चौघं मित्र आणि आमचा पोरगा. मी बांधाला आगटी पेटवून ठेवली होती. आगटी म्हणजे हातभर खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. धूर संपून लाल निखारा आणि वर राखेची साय धरली की कणसं आत सरकवायची. आपल्याकडं रब्बीला सगळीकडं मालदांडी असते, भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही. पण हुरड्याला मी गुळभेंडीचे चार तास वेगळे पेरतो. दाणा दुधातनं जरा घट्ट व्हायला लागला की आठ-दहा दिवसच तो हुरड्याचा असतो. आधी काढला तर नुसता चीक, नंतर चावत नाही. त्यात पाखरं. महिनाभर गोफण घेऊन मी आणि मंडळी आळीपाळीनं माळ्यावर उभे होतो. त्या चार तासांत पाखरांचा वाटा अर्धा आणि आमचा अर्धा, असंच म्हणायचं.

पोरं पोत्यावर बसली. एकानं फोटो काढले. मग त्यातला एक, चांगला उंचापुरा, चष्मेवाला, गाडीकडं जाऊन पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, चार-पाच ग्लास मिळतील का?"

पिशवीतनं काच वाजली. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद झाला. मी पोराकडं बघितलं. आगटीच्या उजेडात त्याचं तोंड परत आठवीतल्या पोरासारखं झालं होतं. त्यानं मित्रांना काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

त्याला बोलायला लागू नये असं मला वाटलं. मी म्हणालो, "ग्लास हायत बाळा. पण मी दारुडा माणूस. सात वर्षं झाली, घेतली न्हाई. माझ्या म्होरं उघडलीस तर तुझं काय जाणार न्हाई, माझं जाईल."

कुणी काही बोलेना. त्या पोरानं पिशवी परत गाडीत ठेवली, दार हळू लावलं. "सॉरी काका," म्हणाला. मी म्हटलं, "सॉरी कशाला, कणसं करपत्यात, चोळायला घे." हुरडा चोळायला हात लागतात. गरम कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, चटका बसतो, पण थंड झालं की दाणा सुटत नाही. पोरांचे हात कीबोर्डवरचे. फू फू करत, ओरडत, हसत चोळायला लागली. मंडळी सूप घेऊन आली. पाखडून कोंडा उडाला की हिरवा, मऊ, वाफेचा हुरडा. त्यावर लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गुळाचा खडा. एकाला चटणी झोंबली, तो पाण्यासाठी नाचला. मंडळी मोठ्यानं हसली. पदर तोंडाला लावायचीही तिला आठवण राहिली नाही. शेवटी मी बाजारातली जिलेबी काढली. हुरड्यावर जिलेबी कुणी खात नाही, पण त्या रात्री खाल्ली.

पोरं ओसरीवर झोपली. बाटली गाडीत, गाडी अंगणात, अंगण माझ्या बाजेपासनं वीस पावलं. मी पावलं मोजली होती, खोटं कशाला बोलू. मंडळी घरात जाऊन पडली आणि लगेच तिचा घोरायचा आवाज आला. जुन्या दिवसांत मी घोरायला लागल्याशिवाय ती डोळा मिटत नसे. मी बाजेवर न जाता आगटीपाशी जाऊन बसलो. मास्तरांना फोन लावला. रात्रीचे साडेअकरा. पहिल्याच रिंगला उचलला. कांद्याचा भाव, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं, नातीचा दात, असं पाऊण तास बोललो. बाटलीचं नाव दोघांनी काढलं नाही.

फोन ठेवला तर तो चष्मेवाला पोरगा मागं उभा. झोप येत नव्हती म्हणाला. बसला. निखाऱ्यात काडी घालून घालून बराच वेळ गेला. मग विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं? म्हणजे, आता जास्त झालंय, असं?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हटलं, "मला न्हाई कळलं. घरातल्यांना कळलं. मी लपवायला लागलो तवापासनं त्यांना कळत हुतं."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मी पण लपवतो." मग उठून गेला.

सकाळी थंडी मजबूत होती. पोरं विहिरीवर मोटर चालू करून पाइपाखाली आंघोळीला गेली, आणि विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं याचा त्यांना केवढा अचंबा. आमच्या पोरानं गाईची धार काढून दाखवली. निम्मी बादलीत, निम्मी जमिनीवर, पण मित्रांपुढं ऐटीत. नंतर तो माझ्यासोबत कटिंगवाल्याकडं आला. आयतवारी दाढी करून घ्यायची हा माझा अलीकडचा शौक. पूर्वी आरशासमोर इतका वेळ बसायची मला भीती वाटायची. पोरगा बाकड्यावर पेपर वाचत बसला होता. पेपराआडनंच म्हणाला, "आबा, काल बरं केलंत." न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर धरला होता, म्हणून मला मान हलवता आली नाही.

जायच्या आधी मी त्या चष्मेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, संध्याकाळी सहाला शाळेच्या खोलीत आमची बैठक असते, राहायचं असेल तर राहा, रात्रीच्या एसटीनं जा. पुण्यातही अशा बैठका असतात. तो हो म्हणाला, नाही म्हणाला, मग म्हणाला बघतो. दुपारी गाडी गेली तेव्हा तो तिच्यात होता.

बैठकीला आम्ही नऊजण होतो. एक नवीन माणूस बायकोबरोबर आला होता. बायको बाहेर वडाच्या पारावर बसून राहिली, आमच्या मंडळीनं तिथं जाऊन तिला सोबत केली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मी माझी पाळी आल्यावर ग्लासांची गोष्ट सांगितली, वीस पावलांची पण सांगितली. चहा मागवताना मी एक कप जास्त सांगितला होता. तो मास्तरांनी प्याला.

घरी येईपर्यंत आठ झाले. रात्री बारा ते सकाळी आठ अशी लाईटची पाळी होती आणि गहू पाण्याला आला होता. बाराला उठलो, डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली. मंडळी उठून बसली होती. म्हणाली, "थांबा, मी बी येते दारं धरायला." पुढं ती, मागं मी, असं निघालो. आगटीपाशी आल्यावर तिनं पायानं राख उकरून बघितली. खाली अजून ऊब होती. ती तिथंच हात शेकत उभी राहिली आणि मी मोटर चालू करायला विहिरीकडं गेलो.