किब्ला उत्तरेला: झांजिबारमधली आमची दोन वर्षे

भारतात नमाजसाठी आपण पश्चिमेकडे तोंड करतो. झांजिबारमध्ये राहायला गेल्यावर सर्वात आधी बदलली ती ही दिशा. मक्का शरीफ आणि झांजिबार जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे तिथे किब्ला उत्तरेला. नोकरीनिमित्त आम्ही दोघे या बेटावर दोन वर्षे राहिलो.

झांजिबार हा टांझानियाचा स्वायत्त भाग. उंगुजा आणि पेंबा ही त्याची दोन मोठी बेटे, विषुववृत्ताच्या दक्षिणेस पाच-सहा अंशांवर. लोकसंख्येत ९५ टक्क्यांहून अधिक मुसलमान. नारळ, फणस, आंबा, केळी, लवंग आणि लाल माती पाहून कोकणातल्या माणसाला परकेपणा वाटत नाही. पाऊस मात्र दोनदा येतो. मार्च ते मे मोठा 'मसिका' आणि वर्षाअखेरीस छोटा 'वुली'.

विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखीच. त्यामुळे रमजान कोणत्याही ऋतूत आला तरी रोजा साधारण तेरा-चौदा तासांचाच. घड्याळही सूर्यावर चालते. आपले सकाळचे सात म्हणजे स्वाहिलीत 'सा मोजा', पहिला तास. कुणी 'सा न्ने', म्हणजे चार वाजता, भेटू म्हणाले तर सकाळी दहाला जायचे, हे नव्या माणसाला आधी समजून घ्यावे लागते.

भाषेची भीती आठवडाभरात गेली. किताबू, कलामू, साबुनी, दावा, हेवा, रंगी, दुका, दुनिया, हबारी, रफिकी. निम्मे शब्द आपण घरूनच घेऊन गेलो होतो. कारण जुने आहे. हिवाळ्यात 'कास्काझी' वारा अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गलबते इकडे आणी, पुढे 'कुसी' वारा त्यांना परत नेई. कोकणी मुसलमानही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन स्थायिक झाले. किझिमकाझी गावातल्या मशिदीत हिजरी ५००, म्हणजे इ. स. ११०७ चा कुफी लिपीतला शिलालेख आहे. त्या मिहराबसमोर दोन रकात नफल पढताना नऊशे वर्षांचा काळ मनात भरून येतो.

स्वयंपाकघरात तर घरच भेटते. नारळ खवायला बायका ज्या बुटक्या लाकडी आसनावर बसतात, त्याला 'म्बुझी' म्हणतात. म्बुझी म्हणजे बकरी. पुढे दात्यांचे पाते, बसायला पाट, म्हणजे आपली खवणीच. इफ्तारला 'फुतारी' असते. कसावा, कच्ची केळी किंवा रताळी नारळाच्या दुधात शिजवलेली. जोडीला आप्प्यांसारखे 'वितुंबुआ' आणि सांबुसा. संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात झाकलेली ताटे जातात. आमच्या दारी आलेले ताट आम्ही रिकामे परत केले नाही, ही रीत दोन्हीकडे एकच.

स्टोन टाऊनच्या अरुंद गल्ल्या, पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे आणि घरांबाहेरचे दगडी 'बराझा', म्हणजे ओटे, पाहायला जगभरचे लोक येतात. २००० साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशात घेतले. पण याच शहरात गुलामांचा बाजार भरत असे. १८७३ मध्ये सुलतान बर्गश यांना इंग्रजांच्या दबावाखाली करार करून तो बंद करावा लागला आणि त्या जागेवर आज अँग्लिकन चर्च उभे आहे. हस्तिदंत आणि माणसे यांचा व्यापार करणाऱ्या टिपू टिप याचे घरही गल्लीत दाखवतात. हा व्यापार करणारे बरेचसे मुसलमान होते, लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या आणि त्यात हिंदुस्थानी सावकारांचे भांडवलही होते. हजरत बिलाल (रजि.) यांची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग ही गोष्टही त्याच मुलांना सांगायला हवी. तिथे गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने ते आवार पाहावे, असे आम्हाला वाटते.

शनिवारी आम्ही दालादालात बसून पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावी जात असू. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना आम्ही इंग्रजी आणि विज्ञान शिकवत होतो. परदेशी माणसाला पर्यटक व्हिसावर हे काम करता येत नाही. स्वयंसेवेसाठीही वेगळा परवाना काढावा लागतो. आम्ही तो काढला, तेव्हा मुख्याध्यापकांनी एकच अट घातली: पूर्ण सत्र यायचे, नाहीतर येऊ नका. दोन आठवड्यांसाठी पाहुणे येतात, गाणी शिकवतात, फोटो काढतात, आणि ते गेल्यावर शिक्षकांना धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो, असे ते म्हणाले.

अडचण खरी होती. लहान वर्गांत बहुतेक शिक्षण स्वाहिलीत होते, माध्यमिक शाळेत विषय इंग्रजीतून शिकवले जातात. दुसऱ्या वर्षाची परीक्षा इंग्रजीतूनच. एक मुलगी 'उसानिसिनुरू' म्हणजे काय ते झाडाच्या पानावर बोट ठेवून सांगत असे: ऊन, पाणी, हवा, साखर, सगळे बरोबर. तोच प्रश्न 'फोटोसिंथेसिस' या नावाने आला की वही कोरी. मराठी किंवा उर्दू शाळेतून अकरावी विज्ञानाला गेलेल्या आपल्या मुलींचे तोंड आम्हाला त्या कोऱ्या वहीत दिसले.

म्हणून आम्ही आधी स्वाहिली शिकलो. मग मुलींकडूनच दोन रकान्यांची वही करून घेतली. डावीकडे स्वाहिली शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली त्यांच्याच शब्दांत अर्थ. तिथल्या विज्ञानशिक्षिकेने ही वही हाती घेतली, पुढच्या वर्गांत नेली. आम्ही निघालो तेव्हा ती तिचीच झाली होती.

या मुलींच्या आया समुद्रात शेती करतात. ओहोटीला गुडघाभर पाण्यात खुंट्या रोवून दोरीला 'म्वानी', म्हणजे समुद्रशेवाळ, बांधायचे, वाढले की वाळवून विकायचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या शेतीने बायकांच्या हातात स्वतःचा पैसा दिला. वह्या, गणवेश त्यातूनच येतात. पण किनाऱ्याजवळचे पाणी तापू लागल्यापासून चांगला भाव मिळणारी जात सडते आहे. खोल पाण्यात ती टिकते, पण तिथे जायला होडी हवी आणि पोहता यायला हवे. एका आईने आम्हाला सांगितले, "समुद्राचा भरवसा आता नाही, मुलीची वही भरू दे."

परदेशी नोकरीला जाणाऱ्या कुटुंबांना आमचे सांगणे थोडके आहे. कुंपणाच्या आतल्या वसाहतीत न राहता मोहल्ल्यात घर घ्या. पहिले तीन महिने भाषेला द्या. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणा, ते 'मरहबा' म्हणतील. दारात 'होदी' अशी हाक दिल्याशिवाय आत जाऊ नका. मदत करायची असेल तर आधी तिथल्या शिक्षकाला, डॉक्टरला, इमामाला विचारा की तुम्हाला काय हवे आहे. आणि जे सुरू कराल, ते तुम्ही गेल्यावर कोण चालवणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.