दिल्लीतली मंगळागौर

लग्न होऊन मी दिल्लीला आले ती १९८१ साली. आता आम्ही नोएडाला राहतो. गेल्या वर्षी धाकट्या सुनेची पहिली मंगळागौर होती. नववधूने लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी गौरीची पूजा करावी आणि रात्र खेळांनी जागवावी, ही आपली जुनी रीत. सून पंजाबी घरातली. तिला या साऱ्याचे कुतूहल होते. पण खेळणार कोण? माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी गुडघ्यांनी अधू झालेल्या. म्हणून मी नातींनाच शिकवायचे ठरवले.

झिम्म्याच्या टाळ्या त्यांनी दोन दिवसांत उचलल्या. अडले ते शब्दांपाशी. दोडका किसण्याच्या खेळात थोरली नात मध्येच थांबली. "आजी, दोडका म्हणजे काय?" मी तिला भाजीवाल्याकडे नेले. "ही तर तोरी!" म्हणून ती हसली. सूप तर दोघींनी कधी हातात धरले नव्हते. छठपूजेत सुपाला मोठा मान असतो. त्यामुळे शेजारच्या बिहारी बाईंकडे ते मिळाले. आधी मी त्यांना तांदूळ पाखडायला शिकवले, मग सूप नाचवायला. तेव्हा मला उमगले, की यांतले पुष्कळसे खेळ बायकांच्या रोजच्या कामांतूनच आलेले आहेत. घरातून काम गेले, की त्याचा शब्द जातो आणि खेळाची नुसती कवायत उरते.

खरी परीक्षा फुगडीची. हात एकमेकांवर आडवे घेऊन घट्ट धरायचे, पायांचे चवडे जुळवायचे आणि अंग मागे झोकून द्यायचे. धाकटी नात अंग आखडून धरी आणि त्यामुळेच तिचा तोल जाई. एकदा ती पडली आणि रुसून कोपऱ्यात बसली. मी तिची समजूत घातली नाही. फक्त हात पुढे केले.

"आजी, तू पडशील!"

"तू धरलेस, तर नाही पडणार."

दोनच गिरक्या झाल्या. पण तिची पकड सुटली नाही.

उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. शुक्ल पक्ष मात्र दोघांचा एकच, आणि इथल्या बायकांची हरियाली तीज त्याच पक्षात येते. मीही त्यातलाच मंगळवार निवडला. रात्री शेजारणी आल्या. आमचा झिम्मा झाल्यावर त्यांनी झोपाळ्याची गाणी म्हटली.

शेवटी सर्वांनी सुनेला फुगडीसाठी पुढे ढकलले. ती संकोचून उभी राहिली. तेवढ्यात धाकटी नात तिच्यासमोर गेली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"काकू, घाबरू नकोस. मागे झुक. मी धरले आहे."