बबड्या आणि बाबांचा लसूणघास

“उंदराचं ऑपरेशन?” नामपूरच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की बबड्या उंदीर नाही, गिनी पिग आहे, हे सांगणंच मी सोडून दिलं.

नाशिकला त्याच्या मूत्राशयातून वाटाण्याएवढा खडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “खातो काय?” मी कौतुकाने म्हणाले, “बाबा शेतातून रोज ताजा लसूणघास आणतात!” कारण एकच नसतं, ते म्हणाले, पण लसूणघासात कॅल्शियम फार, वाढ झालेल्या गिनी पिगला तो रोज नको, वाळलेलं गवत द्या. बाबा शेजारीच उभे होते. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

खरी परीक्षा घरी होती. या प्राण्याने खाणं थांबवलं की आतडी मंदावतात आणि जिवावर बेततं. म्हणून दर तीन तासांनी, रात्री दोनलासुद्धा, भिजवलेल्या पेलेट्सची पेज सिरिंजने गालाच्या कडेने भरवायची. वेदनाशामक वेळेवर. लघवीचा रंग दिसावा म्हणून खाली पांढरा टॉवेल. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन: ८१२, ७९६, ७९०. डेडलाइनचं टेन्शन यापुढे काहीच नाही! “उंदराचे कसले लाड,” म्हणणारी आई दोनचा अलार्म स्वतःच लावायला लागली.

चौथ्या संध्याकाळी अंगणात बाबांच्या चपला वाजल्या आणि बबड्या पहिल्यांदाच ‘वीऽक वीऽक’ ओरडला. बाबा दारातच थांबले, रिकाम्या हातांनी.

“आता काय देऊ गं याला?”

मी ढोबळी मिरचीची फोड त्यांच्या हातात ठेवली.