पानसुपारी

आमच्या वसईकडे विड्याचें पान म्हणजे नुसतें पान नव्हे. आगाशी-विरारच्या वाड्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पानवेल जोपासली; पानाचें तबक पुढें केल्यावांचून आतिथ्य पुरें झालें असें जुन्या माणसांस कधीं वाटलें नाहीं. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलें, सुपारी मांडली म्हणजे गणपति आला! अशा मंगल वस्तूविषयीं कटु बोलणें जिवावर येतें. परंतु ज्ञानास भीड धरतां येत नाहीं.

शरीरांतून काढलेल्या पेशी कांचपात्रांत पोषक रसांत ठेवून वाढवितां येतात. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत ही विद्या शिकून डॉ. कमल रणदिवे यांनीं परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत या देशांतील पहिली ऊति-संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

अशा पेशींच्या डीएनएस, म्हणजे आनुवंशिक द्रव्यास, एखाद्या रसायनानें इजा केली म्हणजे काय घडतें? निरोगी पेशी आधीं विभाजन थांबविते. मग तुटलेले धागे सांधू लागते. आणि इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर स्वतःचा अंत स्वतःच घडवून आणते. या कामीं पी-५३ नांवाचें प्रथिन प्रमुख असतें. तें १९७९ सालीं सांपडलें. १९९२ सालीं डेव्हिड लेन यांनीं त्यास जनुकसंचाचा रक्षक म्हटलें.

मानवी गालाच्या संवर्धित पेशींवर सुपारीचा अर्क घातला, तेव्हां डीएनएचे धागे तुटलेले आढळले. सुपारींतील अरेकोलीन या रक्षकाचेंच बळ कमी करतें, असेंही कांहीं प्रयोगांत दिसलें. घाव पडावा आणि पहारेकऱ्यास डुलकी लागावी, म्हणजे जखमी पेशी न थांबतां वाढत राहते. कर्करोगाचें बीज तें हेंच.

कांचेंतील पेशी म्हणजे मनुष्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रुग्णांच्या पाहणीनेंही तीच साक्ष दिली; आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत तंबाखूविरहित विडाही मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. “तंबाखू नाहीं ना, मग काय बिघडलें?” या घरोघरच्या समाधानास आतां आधार उरला नाहीं.

माझी आई ऐंशीच्या घरांत आहे. तिचा अडकित्ता हिरावून घेण्याचें धैर्य मजजवळ नाहीं, आणि तसें करावें असेंही वाटत नाहीं. परंतु नातवंडांनीं पसरलेल्या तळहातावर ती प्रेमानें सुपारीचें खांड ठेवूं लागते, तेव्हां मात्र मी म्हणतों, “आई, त्यांना सुकेळें दे.” ती रागावते, पण देते.