दादांचा लोहचुंबक

परवां दादांची जुनी पेटी आवरतांना तळाशीं एक काळसर पोलादी पट्टी हातीं लागली, आणि साठ वर्षांपूर्वींचा माझा एक अपराध डोळ्यांपुढें उभा राहिला.

ती पट्टी म्हणजे दादांना शाळेंत बक्षीस मिळालेला लोहचुंबक. दादा त्या वेळीं पंधरा वर्षांचे, मी नऊ वर्षांचा. लोखंडांतली ही ओढ कोठें दडलेली असते तें पाहावें, या हट्टानें एके दुपारीं सारें घर निजलें असतां मीं ती कोळशाच्या शेगडींत खुपसली आणि विंझण्यानें वारा घातला. पट्टी तापून केशरी झाली. मग राखेंत निवूं दिली. पाहतों तों तिला एक टांचणीहि चिकटेना! "हातांतून फरशीवर पडली," असें मीं दादांना सांगितलें. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली व एवढेंच म्हणाले, "असेल. पडल्यानेंहि चुंबकत्व जातें."

पुढें पदार्थविज्ञान वाचूं लागलों. लोखंडाचें अंतरंग अनेक सूक्ष्म क्षेत्रांत विभागलेलें असून प्रत्येक क्षेत्र हा एक चुंबकच असतो, ही कल्पना पिएर वाइस यांनीं १९०७ सालीं मांडली. क्षेत्रांचीं तोंडें दाही दिशांस असलीं, कीं एकाचें बळ दुसरें खातें. बहुतेकांचीं एकीकडे वळलीं, कीं चुंबक तयार होतो. हादरा बसला तर कांहीं क्षेत्रें दिशा सोडतात व चुंबक दुबळा होतो. उष्णतेची गोष्ट मात्र निराळी. लोखंड सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडवर गेलें, कीं क्षेत्रांतील अणूंचीच आपसांतील शिस्त मोडते. ही मर्यादा 'क्यूरी बिंदु' म्हणून ओळखली जाते. पिएर क्यूरी यांचा त्यासंबंधींचा प्रबंध १८९५ सालचा. निवतांना क्षेत्रें पुन्हां बनतात, पण ज्याचें तोंड त्याच्याकडे!

हें वाचलें आणि मन चरकलें. एकदां पडल्यानें चुंबकत्व कमी होईल. अजीबात नाहींसें कसें होईल? दादांना हें उमगलें नसेल काय?

परवां धीर करून विचारलें. पंचाहत्तरी ओलांडलेले दादा हंसले. "अरे, तुझीं भाजलेलीं बोटें मीं तेव्हांच पाहिलीं होतीं. अण्णा ओसरीवरच बसले होते. मीं खरें बोललों असतों, तर तुला मार बसला असता."

मला कांहीं बोलवेना. नातवाच्या खेळण्यांतला एक बळकट चुंबक मीं मागून आणला. दादांनीं पट्टी धरली. मीं त्या चुंबकाचें एकच टोंक तिच्या या शेवटापासून त्या शेवटापर्यंत ओढीत गेलों, दर खेपेस वरून उचलून पुन्हां आरंभीं आणीत. चाळीसएक खेपांनंतर तिनें दोन टांचण्या उचलल्या.

"राखेंत सावकाश निवाल्यानें पोलाद मऊ पडलें आहे," दादा म्हणाले. "आतां तें ही ओढ फार दिवस धरून ठेवणार नाहीं."

"हरकत नाहीं, दादा," मीं म्हटलें. "दर रविवारीं येईन. पुन्हां घांसूं."