‘हवे’ आणि ‘हवेच’

वाचकहो, घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या अनेक कुटुंबांत हल्ली एक वही आढळते. साखर, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा अशी सारी नोंद तीत असते. ही सवय चांगलीच. मात्र काटेवाडीत रुग्ण तपासताना एका सूनबाईंच्या वहीने मला विचारात पाडले. ऐंशी ओलांडलेल्या सासऱ्यांची जेवणानंतरची साखर एकदा १९० झाली होती. तेथे लाल शाईचे वर्तुळ होते. “अर्धी भाकरी जास्त वाढली, माझंच चुकलं डॉक्टर,” असे म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. त्याच पानावर एका पहाटेची नोंद होती ५८. तिच्यापुढे मात्र बरोबरची खूण होती.

खरा धोका त्या ५८ मध्ये होता. साखर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, घाम सुटतो, भोवळ येते. अंधारात उठलेले वृद्ध अशा वेळी पडले, तर खुब्याचे हाड मोडू शकते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

अचूक आकड्याचा हा मोह वैद्यकशास्त्रालाही झाला होता. अमेरिका व कॅनडातील १०,२५१ मधुमेही रुग्णांच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या अभ्यासात एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या गटासाठी ७ ते ७.९ पुरेसे मानले होते. कठोर नियंत्रणाच्या गटात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसताच २००८ मध्ये ते उपचार थांबवावे लागले. म्हणूनच अनेक व्याधी असलेल्या वृद्धांसाठी आज बहुधा ८ च्या आतला आकडा पुरेसा मानतात. आपल्या रुग्णाचे उद्दिष्ट मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. औषधे परस्पर बदलू नयेत.

शरीराला लागू असलेले हे सत्य मनालाही लागू आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. इच्छा आणि हट्ट यांत एलिस फरक करतात. मराठीत तो एका ‘च’चा आहे. ‘सेवा चांगली व्हायला हवी’ ही इच्छा माणसाला कामाला लावते. ‘ती निर्दोष व्हायलाच हवी’ हा हट्ट त्याला पोखरतो. एखादी कृती चुकली, एवढ्यावरून सारा माणूसच वाईट ठरवू नये, हे त्यांचे सांगणे.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या गावी येते, तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते. एखादी मेंढी भलतीकडे धावली, तर मेंढपाळ तिला वळवतो आणि रिंगण पुढे चालू राहते. त्या मेंढीपायी रिंगण फसले, असे कोणी म्हणत नाही.

ज्येष्ठ वाचकहो, हा ‘च’ आपल्याही मनात असतो. मांडी घालता येत नाही म्हणून पूजाच सोडलेल्या आजी आणि हात थरथरतो म्हणून पंगतीला न बसणारे आजोबा मी पाहतो. पूजा खुर्चीत बसून करता येते. आमटी वाटीऐवजी कान असलेल्या मगातून पिता येते. मलाही कित्येकदा पहिल्या तपासणीत निदान होत नाही. “अजून नक्की कळलेले नाही, परवा पुन्हा या,” हे वाक्य तरुणपणी मला फार जड जाई. आता ते मी सहज उच्चारतो, आणि रुग्ण परवा येतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, आठवड्यातून एक दुपार तरी हे काम घरातील दुसऱ्या कुणाकडे सोपवा. त्यांच्या हातून गोळी वेळेवर दिली जाईल. चादरीला सुरकुती राहिली, तर राहू द्या.